साइट रखडते तेव्हा उशीर नेमका कुठे होतो, ते शोधण्याची रीत

मे महिना लागला की कोकणातल्या छोट्या-मोठ्या वेबसाइटवर एकदम ताण येतो. तारकर्ली, गणपतीपुळे, दिवेआगरला खोल्या शोधणारे आणि हापूसची पेटी घरपोच मागवणारे एकाच पंधरवड्यात येतात आणि नेमकी तेव्हाच साइट रखडते. मालकाचा फोन येतो, "पान उघडायला दहा सेकंद लागतात, काहीतरी करा." मग घाईघाईत सर्व्हर एक आकार मोठा घेतला जातो. कधी त्याने फरक पडतो. पुष्कळदा पडत नाही, कारण सर्व्हरची ताकद कमी पडतच नव्हती. वेळ जात होता तो एका क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या एका प्रश्नात, किंवा एसएमएस पाठवणाऱ्या सेवेची वाट बघण्यात, किंवा डिस्कचा कोटा संपल्यामुळे.

म्हणून काहीही बदलण्याआधी उशिराचे तुकडे पाडा. पाच सेकंद लागत असतील तर ते कुठे कुठे गेले याचा हिशोब लागलाच पाहिजे. तो लागेपर्यंत सर्व्हरच्या सेटिंगला हात लावू नका, रीस्टार्टही टाळा. रीस्टार्टने तात्पुरतं बरं वाटतं, पण त्या क्षणाची स्थिती, म्हणजे अडकलेल्या प्रक्रिया, उघडे राहिलेले ट्रान्झॅक्शन (डेटाबेसमधले एकत्र पूर्ण होणारे व्यवहार), भरलेली रांग, सगळं पुसलं जातं. अगदी नाइलाज झाला तर आधी प्रोसेसची आणि डेटाबेस कनेक्शनची यादी फाइलमध्ये घ्या, मग रीस्टार्ट करा.

उदाहरणासाठी साधी मांडणी धरू: होमस्टे बुकिंगची साइट, क्लाउड कंपनीच्या मुंबई रीजनमध्ये, म्हणजे मुंबईतल्या डेटासेंटरांत, लिनक्सचा एक सर्व्हर, दारात रिक्वेस्ट घेणारा वेब सर्व्हर एनजिनएक्स, मागे पीएचपी किंवा पायथॉनमधलं ॲप्लिकेशन, आणि वेगळ्या यंत्रावर मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेस हा डेटाबेस.

तक्रार नीट विचारून घ्या

"साइट स्लो आहे" एवढ्यावरून काही करता येत नाही. कुठलं पान, किती वाजता आणि कुठून, हे तिन्ही विचारा. कुठून हा प्रश्न कोकणात फार महत्त्वाचा. या साइटचे वापरणारे दोन जातींचे असतात. खोली शोधणारा पाहुणा मुंबई-पुण्यात फायबरवर बसलेला असतो. खोलीचे फोटो चढवणारा आणि तारखा बंद करणारा घरमालक देवगड किंवा गुहागरच्या एखाद्या वाडीत, जिथे अंगणात रेंज येते आणि माजघरात जाते, तिथून फोनवर काम करत असतो. दोघांची तक्रार शब्दाला शब्द सारखी असते, कारण मात्र वेगळं असतं.

घरमालकाचं उदाहरण घ्या. फोनच्या कॅमेऱ्याचे पाच-पाच एमबीचे सहा फोटो म्हणजे तीस एमबी. अपलोडचा वेग २ एमबीपीएस मिळत असेल तर नुसतं वर जायलाच दोन मिनिटं लागतात. इथे सर्व्हर कितीही मोठा केला तरी एक सेकंदही वाचत नाही. फोटो ब्राउझरमध्येच १,६०० पिक्सेल रुंदीवर आणून मग पाठवणं, हाच उपाय.

दुसरं म्हणजे सरासरीवर विसंबू नका. शंभरपैकी पंचाण्णव रिक्वेस्ट २०० मिलिसेकंदांत आणि पाच रिक्वेस्ट दहा सेकंदांत झाल्या तर सरासरी येते ६९० मिलिसेकंद, म्हणजे दिसायला ठीकच. प्रत्यक्षात दर वीस माणसांमागे एक जण साइट बंद करून निघून गेलेला असतो. म्हणून पी-५०, पी-९५ आणि पी-९९, म्हणजे शंभरातल्या अनुक्रमे ५०, ९५ आणि ९९ रिक्वेस्ट ज्या वेळेच्या आत झाल्या, हे तिन्ही आकडे बघा. पी-५० चांगला आणि पी-९९ वाईट असेल तर अडचण काही ठरावीक पानांत, लॉकमध्ये (एकाने अडवलेल्या नोंदीसाठी इतरांनी थांबणं) किंवा रांगेत आहे. तिन्ही सारखेच वाढले असतील तर यंत्र, डिस्क किंवा अंतर यांच्याकडे बघावं.

पहिलं मोजमाप: कर्ल

कर्ल ही टर्मिनलमधून वेबपान मागवणारी कमांड डब्ल्यू (-w) या पर्यायासह चालवली की एका रिक्वेस्टचे टप्पे सेकंदांत छापून मिळतात. पाच आकडे मागा: टाइम नेमलुकअप, टाइम कनेक्ट, टाइम ॲपकनेक्ट, टाइम स्टार्टट्रान्सफर आणि टाइम टोटल. हे सगळे आकडे सुरुवातीपासून मोजलेले असतात, म्हणून प्रत्येक टप्प्याचा खरा वेळ काढायला आधीचा आकडा वजा करावा लागतो. ही वजाबाकी न केल्यामुळे बरेच जण भलत्याच टप्प्याला दोष देतात.

समजा आकडे असे आले: नेमलुकअप ०.०२१, कनेक्ट ०.०६४, ॲपकनेक्ट ०.११८, स्टार्टट्रान्सफर ३.४६०, टोटल ३.७१२. म्हणजे डीएनएसला (साइटच्या नावावरून पत्ता शोधायला) २१ मिलिसेकंद, टीसीपी जोडणीला (सर्व्हरशी संपर्क जुळायला) ४३, टीएलएसला (जोडणी सुरक्षित करायला) ५४. त्यानंतर पहिला बाइट येईपर्यंत ३,३४२ आणि बाकीचं पान उतरायला २५२. इथे नेटवर्क निर्दोष आहे. पावणेचार सेकंदांतले सव्वातीन सर्व्हरच्या आत गेलेत.

टीसीपी जोडणीचा आकडा म्हणजे जवळपास एक फेरी, इथून सर्व्हरपर्यंत आणि परत. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे हजार किलोमीटर जाऊन यायला कमीत कमी दहा मिलिसेकंद. रत्नागिरीहून मुंबई रीजनला फोनवरून चाळीस-पन्नास मिलिसेकंद लागले तर त्यातला बहुतेक भाग मोबाइल नेटवर्कचा असतो, अंतराचा नाही. पण चांगल्या फायबरवरूनही हा आकडा दोनशेच्या वर जात असेल तर सर्व्हर अमेरिकेत आहे का ते तपासा. खातं उघडताना रीजन बदलायचं राहून गेलं की असं होतं.

फायबरवरून, मोबाइल हॉटस्पॉटवरून आणि सर्व्हरवर लॉगइन करून त्याच्या स्वतःच्याच पत्त्यावर, म्हणजे लोकलहोस्टवर, अशा तीन ठिकाणांहून प्रत्येकी दहा-पंधरा वेळा मोजा. लोकलहोस्टवरही तीन सेकंदच लागत असतील तर बाहेरचं सगळं बाजूला ठेवा. लोकलहोस्टवर १०० मिलिसेकंद आणि बाहेरून तीन सेकंद, असं असेल तर लोड बॅलन्सर (रिक्वेस्ट सर्व्हरांत वाटणारा), सीडीएन (पानांच्या प्रती ठिकठिकाणी ठेवणारी सेवा), फायरवॉल आणि नेटवर्क यांच्याकडे वळा. फुकट प्लॅनवर ठेवलेल्या ॲपचं एक वेगळंच दुखणं असतं. थोडा वेळ कोणी आलं नाही की काही सेवा ॲप झोपवतात, आणि पुढच्या पहिल्या माणसाला ते जागं होईपर्यंत थांबावं लागतं. पहिली रिक्वेस्ट फार हळू आणि लगेचची दुसरी झटपट, असं दिसलं तर हेच समजा.

पहिल्या बाइटला एकूण ०.८ सेकंदाच्या आत आलो तर गूगलच्या मोजपट्टीत चांगलं, १.८ च्या पुढे वाईट. घरची पट्टी म्हणून हे पुरेसं आहे.

एनजिनएक्सच्या लॉगमधले दोन आकडे

एनजिनएक्सच्या नेहमीच्या लॉगमध्ये, म्हणजे प्रत्येक रिक्वेस्टच्या नोंदवहीत, रिक्वेस्टला किती वेळ लागला ते छापलं जात नाही. लॉग फॉरमॅटमध्ये रिक्वेस्ट टाइम आणि अपस्ट्रीम रिस्पॉन्स टाइम ही दोन व्हेरिएबल घाला आणि रीलोड करा. या एका बदलाइतकी कामाची गोष्ट दुसरी नाही, आणि ती साइट रखडण्याआधीच करून ठेवायला हवी.

रिक्वेस्ट टाइम म्हणजे ग्राहकाकडून पहिला बाइट आल्यापासून त्याला शेवटचा बाइट देऊन होईपर्यंतचा वेळ. अपस्ट्रीम रिस्पॉन्स टाइम म्हणजे फक्त मागच्या ॲप्लिकेशनने घेतलेला वेळ. दोन्ही सारखेच मोठे असतील तर ॲप हळू आहे. रिक्वेस्ट टाइम नऊ सेकंद आणि अपस्ट्रीम ०.२ सेकंद असेल तर ॲपचा काही दोष नाही. समोरच्याचं नेटवर्क तरी हळू आहे, नाहीतर पान तरी अवाढव्य आहे. वाडीतल्या घरमालकांच्या बहुतेक तक्रारी या दुसऱ्या प्रकारात सापडतात.

याच कारणासाठी ॲप्लिकेशन थेट इंटरनेटवर उघडं ठेवू नये. पुढे एनजिनएक्स असला की तो फोटो स्वतःकडे पूर्ण घेतो आणि मगच मागे देतो. तो नसेल तर हळू नेटवर्कवरचा एकच माणूस दोन मिनिटं ॲपचा एक वर्कर, म्हणजे रिक्वेस्ट हाताळणारी एक प्रक्रिया, अडवून बसतो.

अॅमेझॉनचा ॲप्लिकेशन लोड बॅलन्सर वापरत असाल तर त्याच्या ॲक्सेस लॉगमध्ये टार्गेट प्रोसेसिंग टाइम हा वेगळा रकाना असतो. अर्थ जवळपास तोच.

आता लॉग वेळेनुसार उतरता लावा आणि वरच्या पन्नास ओळी डोळ्यांनी वाचा. साधने वापरा, पण हे वाचन चुकवू नका. बुकिंगच्या साइटवर इथे एक ठरलेला चोर सापडतो: कॅलेंडरचं पान. "पुढचा महिना" ही लिंक कधी संपतच नाही, म्हणून सर्च इंजिनचे आणि इतरांचे बॉट तिच्यावरून चालत राहतात, पुढच्या वर्षी, पाच वर्षांनी, पन्नास वर्षांनी. प्रत्येक पानाला एक महागडी क्वेरी लागते. कॅलेंडर पुढच्या अठरा महिन्यांपर्यंतच उघडं ठेवा आणि रोबोट्सच्या फाइलमध्ये तो पत्ता बंद करा.

वेळाही बघा. दर तासाच्या ठोक्यालाच उशीर होत असेल तर क्रॉनमधली (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी) रिपोर्ट काढणारी कामं तपासा, पहाटेचाच उशीर असेल तर बॅकअप.

यंत्र: सीपीयू, मेमरी, डिस्क

व्हीएमस्टॅट ही यंत्राची स्थिती छापणारी कमांड एक-एक सेकंदाने चालवा. पहिली ओळ यंत्र सुरू झाल्यापासूनची सरासरी असते, ती सोडून द्या. आर हा रकाना सीपीयूची वाट बघणाऱ्या आणि चालू असलेल्या प्रक्रियांचा. तो सतत व्हीसीपीयूच्या (क्लाउडवरच्या आभासी सीपीयूच्या) संख्येपेक्षा बराच जास्त राहिला तर सीपीयू कमी पडतोय. एसआय आणि एसओ हे स्वॅपचे (मेमरी अपुरी पडल्यावर डिस्कवर हलवलेल्या भागाचे) रकाने सतत हलत असतील तर मेमरी संपली आहे, आणि बाकी सगळे आकडे त्यामुळेच बिघडलेत. मेमरी बघताना फ्री या रकान्याला घाबरू नका, लिनक्स रिकामी मेमरी फाइलच्या कॅशसाठी वापरतोच. फ्री या कमांडमधला अव्हेलेबल हा रकाना खरा. डब्ल्यूए म्हणजे डिस्कची वाट. एसटी, म्हणजे स्टील, हा क्लाउडवर नीट बघण्याचा रकाना: तुमच्या यंत्राला सीपीयू हवा होता पण खालच्या यंत्रणेने दिला नाही, तो वेळ.

स्टील वाढण्याचं नेहमीचं कारण सीपीयू क्रेडिट. अॅमेझॉनचे टी-जातीचे सर्व्हर स्वस्त असतात कारण त्यांचा सीपीयू पूर्णवेळ तुमचा नसतो. टी३ स्मॉलमध्ये दोन व्हीसीपीयू असतात, प्रत्येकाची मूळ पातळी २० टक्के. तासाला २४ क्रेडिट मिळतात आणि जास्तीत जास्त ५७६ साठतात. एक क्रेडिट म्हणजे एक व्हीसीपीयू एक मिनिट पूर्ण ताकदीने. आता हंगामाच्या दिवशी दोन्ही व्हीसीपीयू ८० टक्क्यांवर धावले तर तासाला ९६ क्रेडिट खर्च आणि २४ जमा, म्हणजे ७२ ची तूट. ५७६ क्रेडिट आठ तासांत संपतात. सकाळी नऊला गर्दी सुरू झाली तर संध्याकाळी पाचपर्यंत साइट उत्तम चालते आणि नंतर बसते.

इथे मोठी फसगत होते. क्रेडिट संपल्यावर सीपीयू मूळ पातळीवर आवळला जातो, म्हणून डॅशबोर्डवर सीपीयूचा वापर २० टक्के अशी सरळ रेघ दिसते. बघणारा म्हणतो, "सीपीयू तर ऐंशी टक्के रिकामा आहे." तो रिकामा नाही, बांधलेला आहे. म्हणून क्लाउडवॉचमध्ये, म्हणजे अॅमेझॉनच्या आलेख दाखवणाऱ्या सेवेत, सीपीयू क्रेडिट बॅलन्सचा आलेख सीपीयूच्या आलेखाशेजारी लावूनच बघा. टी३ सर्व्हर मुळात अनलिमिटेड पद्धतीवर सुरू होतो. त्यात वेग आवळला जात नाही, जास्तीच्या वापराचे पैसे लागतात. स्टँडर्ड पद्धतीवर ठेवला असेल तर वरचा हिशोब लागू. टी२ ची मुळातली पद्धत स्टँडर्ड, त्यामुळे जुन्या सर्व्हरवर हे जास्त भेटतं. ॲझ्युरच्या बी-जातीच्या यंत्रांतही क्रेडिटचीच रीत आहे.

डिस्कलाही असाच कोटा असतो. अॅमेझॉनच्या जीपी२ प्रकारच्या डिस्कला दर जीबीमागे सेकंदाला ३ वाचन-लेखनं मिळतात, कमीत कमी १००. वीस जीबीची डिस्क म्हणजे फक्त १००. तिला ३,००० पर्यंत झेप घेता येते, पण साठ्यात ५४ लाख क्रेडिट असतात आणि पूर्ण वेगाने ते सुमारे अर्ध्या तासात संपतात. मग डिस्क तीसपट हळू होते आणि डब्ल्यूए चढतो. जीपी३ डिस्कला आकार कितीही लहान असला तरी ३,००० आणि सेकंदाला १२५ एमबी मिळतात. जीपी२ वरून जीपी३ वर जाण्यासाठी सर्व्हर बंद करावा लागत नाही. कुठे जुनी जीपी२ डिस्क दिसली तर हे काम त्याच दिवशी उरका.

आणखी एक. स्नॅपशॉटवरून (डिस्कच्या साठवलेल्या प्रतीवरून) नुकतीच तयार केलेली डिस्क सुरुवातीला हळू वाटते, कारण प्रत्येक ब्लॉक पहिल्यांदा वाचताना मागच्या साठ्यातून आणला जातो. बॅकअपवरून सर्व्हर उभा केल्यावर लगेच मापं घेऊन निष्कर्ष काढू नका.

डेटाबेस

यंत्र रिकामं आहे, अपस्ट्रीमचा वेळ मोठा आहे, तर डेटाबेसकडे वळा. मायएसक्यूएलमध्ये स्लो क्वेरी लॉग मुळात बंद असतो, आणि चालू केला तरी दहा सेकंदांपेक्षा हळू क्वेरीच टिपतो. तो चालू करून मर्यादा ०.३ सेकंदावर आणा. पोस्टग्रेसमध्ये पीजी स्टॅट स्टेटमेंट्स हे एक्स्टेन्शन लावा आणि क्वेरी एकूण वेळेनुसार लावून बघा, एका वेळच्या कालावधीनुसार नव्हे. चार सेकंदांची पण दिवसातून दोनदा चालणारी क्वेरी आठ सेकंद खाते. तीस मिलिसेकंदांची, पण प्रत्येक पानावर पन्नासदा चालणारी क्वेरी प्रत्येक पाहुण्याचे दीड सेकंद खाते. स्लो लॉगमध्ये ती कधीच दिसत नाही.

हा पन्नासदा चालण्याचा प्रकार होमस्टेच्या यादीत हमखास सापडतो. एका क्वेरीने चाळीस घरं आणली, मग लूपमध्ये प्रत्येक घराचा फोटो आणि प्रत्येक घराची उपलब्धता वेगवेगळी आणली. एकूण क्वेरी ८१. डेटाबेस शेजारच्याच यंत्रावर असेल आणि एका क्वेरीला एक मिलिसेकंद लागत असेल तर हे खपून जातं. ॲप मुंबईत आणि डेटाबेस सिंगापूरला असेल तर प्रत्येक फेरीला साठेक मिलिसेकंद, म्हणजे पाच सेकंद गेले, आणि डेटाबेसच्या आलेखावर काहीच दिसत नाही. प्रत्येक पानामागे किती क्वेरी गेल्या हा आकडा लॉगमध्ये छापा. वीसच्या वर गेला तर कोड उघडा, आणि चाळीस घरांचे फोटो एका क्वेरीत, उपलब्धता दुसऱ्या क्वेरीत आणा.

एखादी क्वेरी खरोखर जड असेल तर ती कशी चालते हे दाखवणारी एक्सप्लेन ॲनालाइज ही कमांड चालवा. ध्यानात ठेवा, ही कमांड क्वेरी खरंच चालवते, म्हणून अपडेट किंवा डिलीटवर वापरायची तर ट्रान्झॅक्शनमध्ये वापरून रोलबॅक करा. पोस्टग्रेसमध्ये सेक स्कॅन (सगळं टेबल ओळीने वाचणं) आणि त्याखाली "फिल्टरने काढलेल्या ओळी" लाखांत दिसल्या की इंडेक्स, म्हणजे ओळी पटकन शोधायची सूची, नाही किंवा वापरला जात नाही. इंडेक्स असून न वापरला जाण्याचं सर्वांत साधं कारण म्हणजे कॉलम फंक्शनमध्ये गुंडाळणं. येण्याची वेळ साठवलेल्या कॉलमवर डेट फंक्शन लावून एका तारखेशी तुलना केली की साधा इंडेक्स निरुपयोगी. त्याऐवजी "त्या दिवशीच्या शून्य वाजल्यापासून दुसऱ्या दिवशीच्या शून्य वाजेपर्यंत" असा पल्ला द्या. एकत्र इंडेक्समध्ये कॉलमचा क्रमही पाळा: बरोबरीने तपासला जाणारा कॉलम, म्हणजे खोलीचा क्रमांक, आधी, आणि पल्ल्याने तपासला जाणारा, म्हणजे तारीख, नंतर.

चालू साइटवर पोस्टग्रेसमध्ये इंडेक्स तयार करताना कनकरंटली हा शब्द विसरू नका. तो नसेल तर इंडेक्स पूर्ण होईपर्यंत त्या टेबलात लिहिणं थांबतं, म्हणजे ऐन हंगामात बुकिंग बंद.

मग राहिले लॉक. खोली दोघांना जाऊ नये म्हणून तिची ओळ लॉक करणं बरोबरच. चूक होते ती पुढे: ट्रान्झॅक्शन उघडं ठेवूनच पेमेंट गेटवेला ऑर्डर तयार करायची रिक्वेस्ट पाठवली जाते. गेटवे चार सेकंद घेतो, तेवढा वेळ ती ओळ अडकते, आणि तीच खोली मागणारे सगळे मागे थांबतात. पोस्टग्रेसमध्ये पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटीत "आयडल इन ट्रान्झॅक्शन" अशा ओळी दिसल्या तर हेच चाललंय. खोलीवर "दहा मिनिटं राखीव" अशी नोंद करून ट्रान्झॅक्शन बंद करा, गेटवेशी नंतर बोला, दहा मिनिटांत पैसे आले नाहीत तर नोंद सोडवा.

मायएसक्यूएलचा इनोडीबी बफर पूल, म्हणजे टेबलांचा डेटा मेमरीत ठेवण्याची जागा, मुळात १२८ एमबी असतो. स्वतः बसवलेल्या चार जीबीच्या डेटाबेस सर्व्हरवरही तो तेवढाच राहिलेला असतो. सर्व्हर फक्त डेटाबेसचाच असेल तर मेमरीच्या निम्म्याहून जास्त भाग त्याला द्या.

रांग

कधी कधी प्रत्येक क्वेरी झटपट असते, सीपीयू रिकामा असतो आणि तरी पान येत नाही. रिक्वेस्ट दारातच उभी असते. पीएचपीचे वर्कर चालवणाऱ्या पीएचपी-एफपीएमच्या मूळ सेटिंगमध्ये मॅक्स चिल्ड्रन, म्हणजे जास्तीत जास्त वर्कर, पाच असतात. प्रत्येक रिक्वेस्टला ०.४ सेकंद लागले तर पाच वर्कर सेकंदाला साडेबारा रिक्वेस्ट उरकतात. बाहेरची कुठलीतरी सेवा अडखळली आणि वेळ दोन सेकंदांवर गेला की तेच पाच वर्कर सेकंदाला अडीच उरकतात. येणारे मात्र दहाच्या वेगाने येतच असतात. रांग वाढते, आणि ज्या पानाचा त्या सेवेशी काही संबंध नाही तेही रखडतं.

एफपीएमच्या लॉगमध्ये मॅक्स चिल्ड्रनची मर्यादा गाठल्याची स्पष्ट ओळ येते, ती शोधा. वर्कर वाढवायचे तर मेमरी मोजून: पीएचपीसाठी १,२०० एमबी मोकळी आणि प्रत्येक प्रक्रिया ६० एमबी, तर वीस. त्यापुढे गेलात तर स्वॅप सुरू होईल. डेटाबेसच्या कनेक्शनचाही मेळ घाला. मायएसक्यूएल मुळात १५१ आणि पोस्टग्रेस १०० कनेक्शन घेतो, आणि सर्व्हर तीन केले की वर्करही तिप्पट होतात.

पीएचपीत सेशन फाइलचा (लॉगइन केलेल्याची माहिती ठेवणाऱ्या फाइलचा) एक छुपा लॉक असतो. घरमालकाच्या डॅशबोर्डवरून सहा रिक्वेस्ट एकदम जातात, पण सेशनची फाइल एका वेळी एकीलाच मिळते. ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये त्या पायऱ्यांसारख्या एकामागून एक पूर्ण होताना दिसल्या तर कोडमध्ये सेशन वाचून झाल्याबरोबर सेशन राइट क्लोज बोलवा.

बाहेरच्या सेवा, आणि ठरावीक आकड्यांचा उशीर

ओटीपीचा एसएमएस, पेमेंट, नकाशा, ईमेल: प्रत्येक कॉलभोवती वेळ मोजून लॉग करा, आणि प्रत्येकाला टाइमआउट द्या. पायथॉनची रिक्वेस्ट्स लायब्ररी सांगितल्याशिवाय टाइमआउट लावतच नाही, समोरचा गप्प राहिला तर अनिश्चित काळ थांबते. जोडणीला दोन सेकंद आणि उत्तराला पाच, यापासून सुरुवात करा. बुकिंगच्या खात्रीचा एसएमएस आणि ईमेल पाहुण्याला थांबवून पाठवायचं कारणच नाही, ते रांगेत टाका आणि पान लगेच द्या.

उशीर दर वेळी एकाच आकड्यावर येत असेल तर तो आकडाच कारण सांगतो. कामाचा बोजा कधी बरोबर ५.०० सेकंदांचा नसतो, टाइमआउट असतो. बरोबर पाच सेकंद जास्त लागत असतील तर डीएनएस: लिनक्सचा रिझॉल्व्हर एका नेमसर्व्हरची पाच सेकंद वाट बघतो आणि मग पुढे जातो. एक, तीन किंवा सात सेकंद असतील तर टीसीपीचं पहिलं पॅकेट हरवतंय, कारण जुन्या लिनक्स कर्नलवर ते एक, मग दोन, मग चार सेकंदांच्या अंतराने पुन्हा पाठवलं जातं. फायरवॉल किंवा सिक्युरिटी ग्रुप तपासा. तीस सेकंद म्हणजे गुनिकॉर्नचा (पायथॉनचं ॲप चालवणाऱ्या सर्व्हरचा) वर्कर टाइमआउट, किंवा जावात हिकारी पूलमध्ये (डेटाबेस कनेक्शनच्या साठ्यात) कनेक्शन मिळालं नाही. पन्नास म्हणजे इनोडीबीचा लॉक. साठ म्हणजे एनजिनएक्स किंवा लोड बॅलन्सर थकला, आणि सोबत ५०४ हा वेळ संपल्याचा एरर दिसेल. ही यादी भिंतीवर लावण्याजोगी आहे.

दुरुस्तीनंतर

एका वेळी एकच बदल करा, आणि तीच मापं त्याच ठिकाणांहून पुन्हा घ्या. दोन बदल एकत्र केले तर कुठल्याने फरक पडला ते कळत नाही, आणि निरुपयोगी बदल कायमचा घरात राहतो.

यादीच्या पानाला साठ सेकंदांचं कॅश लावलं तर गर्दीत मोठा फरक पडतो. मात्र "बुक करा" दाबल्यावरची उपलब्धता कॅशमधून कधीही देऊ नका, ती थेट डेटाबेसातूनच आली पाहिजे.

हंगामाची लोड टेस्ट मार्चमध्ये करा, एप्रिलच्या शेवटी नव्हे, आणि ती वेगळ्या यंत्रावरून करा. सर्व्हरवरच चालवली तर टेस्टच सर्व्हरचा सीपीयू खाते. नुसत्या मुख्य पानावर मारा करण्यात अर्थ नाही. तारीख शोधणं, खोली उघडणं, राखीव करणं, हा पूर्ण प्रवास चालवा, आणि पेमेंट गेटवेच्या चाचणी खात्यावर चालवा. पाच मिनिटांची टेस्ट फसवते, कारण तेवढ्यात ना डिस्कचा साठा संपतो, ना सीपीयूचे क्रेडिट. निदान पाऊण तास चालवा, क्रेडिटचे दोन्ही आलेख उघडे ठेवून, आणि ते उताराला लागले तर त्या वेगाने किती तास पुरतील हे भागाकार करून काढा. तो आकडा हंगामातल्या गर्दीच्या तासांपेक्षा कमी आला तर सर्व्हरचा प्रकार तेव्हाच बदला.